लाल यादीतलं तिसरं नाव

आक्कांनी तीन मिनिटांत उरकलं. सोमवारी सकाळी अकराला बाजार समितीच्या सभागृहात जुन्या कार्यकर्त्यांना बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, प्रचाराची आखणी असणार. मी तर माझ्या बूथची वही बगलेत मारून गेलो होतो. आक्का उभ्या राहिल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "यंदा मी उभी राहणार नाही. घरच्या निवडणुकीत माझं नाव नसेल. आजवर आपण सर्वांनी जे सहकार्य केलंत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे." एवढं बोलून खाली उतरल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या.

निर्णयाचा धक्का मला मागाहून बसला. आधी डोकं फिरलं ते त्या 'आपली आभारी आहे'नं. अहो, आभार कुणाचे मानतात? मंडपवाल्याचे. प्रमुख पाहुण्यांचे. या बाईच्या पहिल्या मोर्चासाठी मी भर घाटात घंटी मारून एसटी थांबवली होती, प्रवाशांना खाली उतरवून मोर्चात घातलं होतं, आणि त्यापायी चार महिने निलंबित होतो. तेव्हा आभार मानले नव्हते त्यांनी. घरी येऊन मालनच्या हातचं जेवल्या होत्या आणि वर म्हणाल्या होत्या, "सर्जा, तुझ्या बायकोला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

मी सर्जेराव मुळीक. हिवरखिंड तालुक्यातल्या पिंपरखोऱ्याचा. एसटीत कंडक्टर होतो. आता बसचं दार चेहरा बघून उघडतं आणि भाडंही आपोआप कापून घेतं, त्यामुळं कंडक्टर ही जातच संपली. मी घरी बसलो. म्हणजे नोकरीतून बसलो. पक्षाचं काम आधी होतं तेच. मंदाकिनी खराडे, म्हणजे आमच्या आक्का, तीनदा आमदार झाल्या, त्या तिन्ही वेळा बूथ क्रमांक एकशे बेचाळीस माझा होता.

घरची निवडणूक म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी तिकीट कुणाला द्यायचं ते मुंबईत ठरायचं. मग ओरडा झाला, आणि पक्षानं नियम केला की खरी निवडणूक येण्याआधी पक्षाच्या सदस्यांनीच आपसांत मतदान करून उमेदवार निवडायचा. कागदावर तिला 'पूर्वनिवड' म्हणतात. आम्ही घरची निवडणूक म्हणतो. हिवरखिंडीत असे साडेअकरा हजार सदस्य आहेत. आक्का असताना ही निवडणूक नुसती नावाला व्हायची. विरोधात कुणीतरी उभं राहायचं, दोन-तीनशे मतं घ्यायचं आणि आक्कांच्या पाया पडायचं.

यंदा ते 'कुणीतरी' म्हणजे विक्रांत थोरवत होता. खडी क्रशरचा मालक. बोलायला इतका गोड की साखरेची भीती वाटावी. वरच्या तलावाचं पाणी आक्कांनी भांडून खालच्या अकरा गावांना आणलं. थोरवत उघड सांगत होता की खिंडीत मोठं संगणक केंद्र येतंय, त्याची यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं, ते तलावातून देऊ, गावांना नंतर बघू. असल्या माणसाला आक्कांसमोर दोनशे मतं पडली असती. आता आक्काच नाहीत म्हटल्यावर मैदान त्याचंच.

सभागृहातून बाहेर आलो तर चौकात त्याचे फलक लागलेले. 'आक्कांचा वारसा, विक्रांतचा ध्यास.' आक्का बोलून अर्धा तास झाला नव्हता. फलकावरचा रंग वाळलेला होता. म्हणजे ह्याला आधीच माहीत होतं, आणि आम्हाला, ज्यांनी तीस वर्षं चपला झिजवल्या, आम्हाला सभागृहात बोलावून आभार.

मी तसाच आक्कांच्या घरी गेलो.

"या सर्जेराव, बसा," आक्का म्हणाल्या.

मी दारातच थबकलो. 'या', 'बसा', 'सर्जेराव'. तीस वर्षांत या बाईनं मला सर्जाशिवाय हाक मारली नव्हती. पाणी आलं. चहाचं नाव नाही.

"आक्का, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मग हे काय काढलंत? शुक्रवारी तीनपर्यंत नाव द्यायची मुदत आहे. अजून चार दिवस आहेत. थोरवत तलाव विकून खाईल, तुम्हाला माहीत आहे."

"लोकांना तेच हवं असेल तर मी कोण?"

"कुठल्या लोकांना?"

आक्का उठल्या, कपाटातून एक जाड कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. वर पक्षाचं चिन्ह आणि खाली ठळक अक्षरांत 'मनकवडा अहवाल: हिवरखिंड'. मनकवडा म्हणजे कुणाचं मत कुठं जाणार ते सांगणारं पक्षाचं यंत्र. पेठकर म्हणून मुंबईचे निरीक्षक आहेत, त्यांनी हा अहवाल आणून दिला होता. आत नावांची यादी. हिरवी नावं, पिवळी नावं, लाल नावं. जुन्या कार्यकर्त्यांचं पान वेगळं काढलेलं. दोनशे बारा जणांपैकी एकशे एकोणचाळीस लाल. लालातलं तिसरं नाव: सर्जेराव मुळीक, बूथ एकशे बेचाळीस, आक्कांच्या विरोधात मत देणार, खात्री चौऱ्याण्णव टक्के.

मी ते दोनदा वाचलं. मग माझा आवाज चढला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. यंत्राला बोललो, पेठकरला बोललो, आणि आक्कांनाही बोललो. "तुम्ही यावर विश्वास ठेवला? या कागदावर? माझ्यावर?" असं तीन-चार वेळा तरी ओरडलो असेन.

आक्का शांतपणे माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "अहवालात लिहिलंय, विचारलं की चिडतात."

त्यावर मी तो गठ्ठा उचलला, काखेत मारला आणि निघालो. परत मागितला असता तरी दिला नसता.

घरी मालननं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही परवा फोनवर कुणाला झापलंत?"

"कुणाला?"

"ती नाही का, गोड आवाजाची. सर्जेराव काका म्हणत होती."

मग आठवलं. गुरुवारी दुपारी मी जनावरांना वैरण टाकत होतो. फोन आला. मुलीचा आवाज, माणूस नव्हे, यंत्रच, पण इतकं लाघवी की कळत नाही. "नमस्कार सर्जेराव काका. घरच्या निवडणुकीत आपण मंदाकिनीताई खराडे यांना मत देणार का?" मला काय झालं सांगू? कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "कुणाला विचारतेस गं? मला विचारतेस? लाज वाटते का?" आणि फोन आपटला. पुढं थोरवतबद्दल काही विचारणार होती बहुतेक, ते ऐकलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, साधा प्रश्न, त्यात चिडण्यासारखं काय? तुम्ही आमच्याकडचे नाही मग. आमच्या हिवरखिंडीत घरच्या माणसाला लग्नाची पत्रिका देत नाहीत. पत्रिका पाहुण्यांना. घरच्यानं स्वतःहून यायचं, मांडव घालायला लागायचं. माझ्या लग्नात मी नवा नवा कंडक्टर, छापलेल्या पत्रिकांचा तोरा होता, थोरल्या चुलत्याच्या घरीही एक टाकून आलो. चुलता लग्नाला आला नाही. सहा वर्षं बोलला नाही. निरोप पाठवला, "मला पत्रिका दिली, म्हणजे मी परका झालो." शेवटी मालन तान्ह्या तेजूला घेऊन त्याच्या दारात जाऊन बसली, तेव्हा मिटलं. तर असे आम्ही. आणि मला एक यंत्र विचारतं, आक्कांना मत देणार का.

दुसऱ्या दिवशी तेजू आली. आमची लेक तेजस्विनी कोल्हापूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मी फोनवर इतका आरडाओरडा केला होता की बिचारी रजा टाकून पहिल्या गाडीनं आली. आल्या आल्या गठ्ठा घेऊन ओसरीवर बसली. दोन तास पानं उलटत राहिली.

मग म्हणाली, "पप्पा, हे यंत्र तुम्ही काय बोलता ते ऐकतच नाही."

"मग झक मारायला फोन करतं?"

"ऐका तरी. माणूस तोंडानं हो म्हणतो आणि मत दुसऱ्याला देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मनकवडा शब्द बाजूला टाकतो आणि नुसता आवाज मोजतो. प्रश्न संपल्यावर तोंड उघडायला किती वेळ लागला. श्वास कुठं अडकला. घशातले पडदे ताणले गेले की आवाजात एक बारीक थरथर येते. कानाला कळत नाही, पण मोजता येते. अशी दोनशेच्या वर मापं घेतो."

"आणि त्यातून माझं मन कळतं?"

"मन नाही कळत. ताडून बघतात. त्यांनी आधी हजारो लोकांना फोन करून असे आवाज मोजून ठेवले. मग त्याच लोकांकडून, त्यांच्या परवानगीनं, खरं मत कुणाला टाकलं ते नाव गुप्त ठेवून लिहून घेतलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर यंत्र शिकलं, की अमुक आवाज असला की मत तमुक पडतं. त्यात त्यांना दिसलं की आपल्याच नेत्याबद्दल विचारल्यावर जे चिडतात, फोन ठेवून देतात, त्यांच्यातले दहांतले नऊ आतून फुटलेले असतात. लपवायचं असतं म्हणून चिडतात."

"मी काय लपवतोय?"

"तुम्ही नाही. ते लोक. आणि ते लोक कुठले, ते मी शोधलं." तिनं शेवटचं पान उलटून दाखवलं. अगदी बारीक अक्षरं. "अकरा महानगरपालिका. सगळे शहरातले सदस्य, बहुतेक गेल्या पाच वर्षांत पक्षात आलेले. यंत्र जे शिकलं ते तिथं खरंच आहे, पप्पा. पण त्यानं तुमच्यासारखी माणसं कधी पाहिलीच नाहीत. तुम्ही चिडलात कारण तुम्हाला परकं धरलं. यंत्राच्या शिकवणीत असा माणूसच नाही. म्हणून त्यानं जवळचा खण बघून तुम्हाला त्यात टाकलं."

"आणि थोरवत? त्याच्या नावापुढं सगळं हिरवं कसं?"

तेजू हसली. "थोरवतबद्दल विचारल्यावर लोक काय म्हणाले असतील? 'बघू की, चांगला माणूस आहे.' शांत आवाज, घाई नाही, राग नाही. राग यायला तो कुणाच्या जवळचा आहे का? यंत्र म्हणालं, मोकळं मन, पाठिंबा आहे."

मला हसू आलं नाही. मी विचार करत होतो की ज्या माणसाबद्दल कुणाला काहीच वाटत नाही तो हिरवा, आणि जिच्यासाठी जीव टाकला ती लाल. हे असलं यंत्र अकरा गावांच्या पाण्याचा निकाल लावणार, आणि त्याला विचारणारा कुणी नाही. पेठकरला शेवटचं पान वाचता येत नव्हतं का?

मग आम्ही फिरलो. मंगळवार दुपारपासून गुरुवार दुपारपर्यंत, तेजूच्या विजेच्या स्कूटरवर मागं बसून, लाल यादी हातात घेऊन. मत कुणाला देणार हे मी कुणाला विचारलं नाही. माझी काय बिशाद. एवढंच विचारायचो, "तुला फोन आला होता का रे?"

रमजान मुलाणी शिंपी. पक्षाचा झेंडा तालुक्यात पहिल्यांदा यानं शिवला. लाल, सत्त्याण्णव टक्के. म्हणाला, "आला होता. मी म्हटलं, बाई, तुला जन्म दिला त्याला विचार. आणि ठेवला."

कोंडाबाई शेलार, अंगणवाडीतून निवृत्त. लाल, एक्क्याण्णव टक्के. "मी रडलेच रे सर्जेराव. म्हटलं, आक्काला माझी खात्री वाटेना झाली का? घशातून शब्द फुटेना."

त्या न फुटलेल्या शब्दाचंही माप घेतलं होतं त्या यंत्रानं.

असे सत्तरच्या वर भेटले. वाटेत लालाबाहेरचेही दोघं-तिघं लागले, ते खरोखर थोरवतकडं गेलेले होते, ते मला त्यांच्या गोड बोलण्यावरून कळलं. ते यादीत हिरवे होते. बाकी सगळ्यांनी फोन आपटलेला. पण खरी पंचाईत पुढं झाली. आक्कांनी त्या यादीवर विश्वास ठेवून माघार घेतली, हे कळल्यावर ही सगळी माणसं आक्कांवर उलटी फिरली.

रमजान म्हणाला, "तिला असं वाटलं ना? मग बसू दे घरात. मी नाही जात सांगायला."

"अरे शहाण्या, उद्या तीन वाजता मुदत संपते."

"संपू दे. मला बोलावलंय का तिनं?"

"तुला बोलावलं तरी तू रुसणार, नाही बोलावलं तरी रुसणार. तुझ्यासारख्याच्या नादानं तलाव जाईल. ऊठ, कात्री ठेव." मी त्याचा हात धरून त्याला मशीनवरून उठवला. मला स्वतःलाच ऐकू येत होतं, मी आमच्या चुलत्याशी जे बोलायला हवं होतं ते याच्याशी बोलत होतो.

गुरुवारी चार वाजता आम्ही पंचेचाळीस जण, कुणी न बोलावता, आक्कांच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. तेजूनं शेवटचं पान दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. कोंडाबाईनं आक्कांचा हात धरला. आक्का ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला वाटलं, झालं, काम फत्ते.

"यंत्र चुकलं, मान्य," आक्का म्हणाल्या. "पण माझं काय? माझ्यापुढं यादी आली. मी तुझं नाव वाचलं, सर्जेराव. मला एवढंसुद्धा वाटलं नाही की हे खोटं असेल. उलट वाटलं, हां, तेजूच्या बदलीचं काम मी केलं नव्हतं, त्याचा डूख असणार. रमजानचं वाचलं, त्याचंही कारण सापडलं. कोंडाबाईचंही. एकशे एकोणचाळीस नावं, आणि प्रत्येकाचं कारण मला बसल्या जागी सापडलं. ती कारणं यंत्रानं दिली नव्हती. माझ्याच मनात होती. आता कुठल्या तोंडानं तुमच्याकडं मत मागू?"

मीच बोललो, आणि चिडूनच बोललो. "तुमच्या मनाला लागलं ते ठीक. त्याची शिक्षा अकरा गावांनी भोगायची? तुम्हाला लाज वाटते म्हणून थोरवत आमच्या डोक्यावर?"

"मग तू राहा उभा," आक्का म्हणाल्या.

मला वाटलं, रागानं म्हणतायत. त्या रागावल्या नव्हत्या. मी म्हटलं, मला तालुक्याच्या गावात ओळखतं कोण? आक्का म्हणाल्या, "मलाही पहिल्यांदा कुणी ओळखत नव्हतं." त्यानंतर कितीही डोकं आपटलं तरी त्या हलल्या नाहीत. शुक्रवारी पावणेतीनला मी नाव दिलं. दुसरं कुणी द्यायला तयारच नव्हतं.

पुढचा बुधवार हा नाव मागं घ्यायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. सकाळीच पेठकर साहेब माझ्या ओसरीवर हजर. हातात नवा अहवाल. पक्षाची ती पद्धतच होती, प्रत्येक उमेदवाराला त्याचा अहवाल द्यायचा, म्हणजे कमजोर माणसं आपणहून बाजूला होतात आणि पक्षाची शोभा होत नाही.

"मुळीक, सन्मानानं माघार घ्या. थोरवतसाहेब तुमची आठवण ठेवतील," पेठकर म्हणाले आणि गेले.

मी पान उघडलं. पिंपरखोरं जवळपास सगळं लाल. मला हसायलाच आलं. मग पहिलं नाव वाचलं. मालन सर्जेराव मुळीक, विरोधात, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

आता मला सगळं ठाऊक होतं. यंत्र कसं शिकलं ते ठाऊक, शेवटचं पान पाठ. तरी सांगतो, क्षणभर मी ते खरं धरलं. आणि लगेच कारणही सापडलं. तिच्या भावाच्या वास्तुशांतीला मी गेलो नव्हतो, सभा होती म्हणून. मग दुसरं सापडलं. आक्कांच्या पहिल्या मोर्चानंतर चार महिने तिनं दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. आता बोलत असेल का? आक्का त्या सोमवारी इतक्या परक्यासारख्या का वागल्या, ते मला तेव्हा कळलं, आणि मी त्यांच्यावर किती ओरडलो होतो तेही आठवलं.

अडीच वाजले. पावणेतीन वाजले. मालन आत लसूण सोलत होती. मला नुसतं हाक मारून विचारायचं होतं. मी दोनदा तोंड उघडलं.

"काय विचारायचंय का?" ती आतूनच म्हणाली.

"नाही."

"मग जेवायला बसा. कालवण निवलं."

मी पानावर बसलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

निकाल सांगतो. मी एकशे शहाऐंशी मतांनी पडलो. ज्या चौदा गावांत लाल नावांचा खच होता, तिथं मला दहांतली नऊ मतं पडली. माझ्या बूथवर एक्क्याण्णवपैकी अठ्ठ्याऐंशी. घात झाला तो तालुक्याच्या गावात, नव्या सदस्यांत. ती मतं माझी नव्हतीच कधी, ती आक्कांची होती. आक्का नाहीत म्हटल्यावर निम्मे आलेच नाहीत, उरलेल्यांनी फलकावरचा चेहरा बघून मत टाकलं. आक्का उभ्या असत्या तर थोरवतला दोनशे मतं पडली असती, अगदी दरवेळेसारखी. तेजूनं आकडे मांडून दाखवले. मला मांडायची गरज नव्हती. एका कागदानं आमची बाई घालवली, आणि तो कागद लिहिणाऱ्याला हिवरखिंड कुठं आहे हेही माहीत नाही. त्याला कुणी जाब विचारणार नाही. पेठकरला तर बढती मिळाली, सगळे अंदाज बरोबर आले म्हणून. उमेदवार थोरवतच निघाला ना.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. न कळवता, चालत. ओसरीवर बसल्या. माझी बूथची वही ओढून आकडा बघितला.

"अठ्ठ्याऐंशी," म्हणाल्या.

"तुमचे होते," मी म्हटलं. मला गोड बोलवेना. "तुम्ही सोडून दिलेत."

"हो," आक्का म्हणाल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सर्जा, चहा टाकायला सांग की मालनला."

त्यानंतर महिन्याभरानं खऱ्या निवडणुकीची हवा सुरू झाली. थोरवत आमच्या पक्षाचा उमेदवार, समोर दोन अपक्ष. त्यातल्या एकीनं, खालच्या गावच्या एका सरपंचबाईनं, तलावाचं पाणी हाच एक विषय धरला होता. मी दुपारी ओसरीवर बसलो होतो. मालन तांदूळ निवडत होती. फोन वाजला.

"नमस्कार सर्जेराव काका. येत्या निवडणुकीत आपण विक्रांत थोरवत यांना मत देणार का?"

मी श्वास सोडला. घसा सैल केला. अजिबात घाई केली नाही.

"हो बाळ," मी म्हटलं. "देणार की. चांगला माणूस आहे. विक्रांतरावांनाच देणार आम्ही सगळे. तुझं जेवण झालं का?"

यंत्रानं माझे आभार मानले. मीही मानले. गुरुवारी रमजाननं असंच केलं होतं, कोंडाबाईनं तर आशीर्वाद दिला होता म्हणे. चौदा गावांत एकही फोन आपटला गेला नाही. थोरवतच्या कचेरीत सगळी पानं हिरवीगार झालीयत, तो आमच्याकडं सभासुद्धा घेत नाहीये, अशी बातमी आहे.

मालननं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं टक लावून बघितलं.

"आयुष्यात माझ्याशी कधी इतकं गोड बोलला नाहीत," ती म्हणाली. "कोण होतं?"

"परकं होतं," मी म्हटलं.